माँटे कार्लोतली दाण्याची आमटी

आमच्या गटात बावीस माणसं होती. त्यातल्या वीस जणांना माँटे कार्लोला उतरून कॅसिनो बघायचा होता, राजवाडा बघायचा होता आणि दुसऱ्याच्या गाड्यांपुढे उभं राहून फोटो काढायचे होते. उरलो आम्ही दोघं. मला माझ्या मुलीच्या घरी जायचं होतं. आमच्या ह्यांना कुठेच जायचं नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकले. जास्त लिहिलं की बोटं दुखतात, म्हणून झालं तेवढं सांगते.

हे रेल्वेत होते. आधी इगतपुरी, मग मनमाड, आणि निवृत्त झाल्यावर आम्ही नाशिकला इंदिरानगरात घर घेतलं. मुलगा मोठा, त्याचं द्राक्षबागांच्या फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. मुलगी धाकटी. ती नर्सिंग शिकली आणि नव्वदनंतर मस्कतला नोकरीला गेली. जाताना ह्यांनीच तिला स्टेशनवर सोडलं, डब्यात जागा बघून दिली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. दोन वर्षांनी तिचं पत्र आलं. तिथल्या एका हॉटेलात विजेची कामं करणाऱ्या पोर्तुगीज माणसाशी तिने लग्न केलं होतं. पत्रात फोटो होता. ह्यांनी पत्र वाचलं, परत घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि मला विचारलं, "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

बस. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. पण त्यानंतर दहा वर्षं ह्या माणसाने मुलीचं नाव घेतलं नाही. दर रविवारी तिचा फोन यायचा. ह्यांनी उचलला तर "हां, देतो," एवढंच म्हणायचे आणि रिसिव्हर माझ्या हातात. मग शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. माझं बोलणं संपेपर्यंत पान मात्र उलटायचं नाही.

मस्कतहून ती दोघं माँटे कार्लोकडे गेली. नवऱ्याचा भाऊ तिथे गवंडीकाम करायचा, त्याने बोलावलं. मुलगी एका श्रीमंत म्हातारीची सेवा करायला लागली. दोनदा ती नाशिकला यायची ठरली आणि दोन्हीदा आली नाही. पहिल्यांदा म्हातारी आजारी पडली. दुसऱ्यांदा तिचं स्वतःचंच पोट तिसऱ्या महिन्यात पडलं. फोनवर सांगताना ती नर्ससारखं बोलत होती, जसं काही दुसऱ्याच कुणा बाईचं सांगते आहे. मी ते ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पेपर उचलला.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मुलाचा धंदा बरा चालला. त्याच्या मनात आलं, आई-अप्पांना परदेश दाखवू. मराठी लोकांच्या सहलीची तीन माहितीपत्रकं त्याने आणली. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तिसऱ्यात जहाजाची सहल होती आणि जहाज थांबणार त्या गावांच्या यादीत माँटे कार्लो होतं. मी म्हटलं, "ही."

मुलगा म्हणाला, "आई, तुला बसमध्येसुद्धा मळमळतं. जहाज कशाला?"

"चित्र चांगलं आहे," मी म्हटलं.

ह्यांनी पत्रक घेतलं, वाचलं. रेल्वेचा माणूस, वेळापत्रक म्हटलं की पहिली ओळ ते शेवटची ओळ वाचणारच. माँटे कार्लोच्या ओळीवर थांबलेले मी पाहिले. पत्रक खाली ठेवून म्हणाले, "स्वेटर लागतील का?"

निघायच्या आधीच्या रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने बोलले. ती म्हणाली, "आई, आमचं घर वर डोंगरावर आहे. बाल्कनीतून जहाजं दिसतात. मी तुझी हिरवी साडी कठड्यावर टाकून ठेवीन. जहाजावरून दिसली तर समजा, ते माझं घर." मी ते सगळं जसंच्या तसं परत म्हटलं, "हिरवी साडी कठड्यावर टाकणार आहेस होय!" शेजारच्या खुर्चीत पेपर हलला नाही.

जहाज सकाळी लागलं. समोर गाव म्हणजे डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेल्या इमारती, खाली निळं पाणी आणि पाण्यात पांढऱ्या बोटी. इतक्या पांढऱ्या की कुणी त्यावर कधी जेवलं असेल असं वाटत नव्हतं. आमच्या सहलीच्या बाई, त्या पन्नाशीच्या होत्या आणि सगळ्यांना दम द्यायच्या, म्हणाल्या, "पाच वाजता सगळे आत. जहाज कुणासाठी थांबत नाही. आजी, तुम्ही गटाबाहेर जाताय, तुम्हाला खास सांगते."

मी ह्यांना म्हटलं, "चला."

"माझे गुडघे दुखतात."

"तिथे डोंगरात लिफ्ट आहेत म्हणे."

"मी इथनं बघतो," हे म्हणाले. मुलाने दिलेली दुर्बीण गळ्यात होती. मी आणखी आग्रह केला नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं की कुठे ओढलं तर दोर तुटेल.

मुलगी धक्क्याच्या टोकाला उभी होती. पँट, पांढरा शर्ट, केस मानेपर्यंत कापलेले. मी जवळ गेले तर तिने आधी माझ्या मागे पाहिलं. मग माझ्याकडे.

"केस कापलेस," मी म्हटलं.

"तू जाड झालीस," ती म्हणाली.

मग तिने मला धरलं. किती वेळ ते मला माहीत नाही. तिच्या शर्टाला औषधाच्या साबणाचा वास होता.

"अप्पा?"

"गुडघे."

"बरं," ती म्हणाली आणि माझी पिशवी घेतली. पिशवीत काळा मसाला होता, नागलीचे पापड होते आणि तिच्या मापाचे दोन परकर. तिने ती हातात तोलून विचारलं, "आई, दगड आणलेस का गं?"

ते श्रीमंतांचं गाव आम्ही पाठीमागून ओलांडलं. डोंगराच्या पोटात खरंच लिफ्ट होत्या, फुकट. एक संपली की थोडं चालायचं, मग दुसरी. जिथे लिफ्ट संपल्या तिथे ते गावही संपलं आणि पायऱ्या सुरू झाल्या. मुलगी म्हणाली, "ह्या पायरीपर्यंत मोनॅको, माँटे कार्लोचा देश. पुढे फ्रान्स. खाली काम करणारे सगळे इथे वर राहतात." मी पायरीकडे पाहिलं. दोन्हीकडची सारखीच होती. पायऱ्या मी मोजल्या नाहीत, पण तीनदा बसले. ऊन होतं, जूनचं. घसा कोरडा पडून जीभ टाळूला चिकटली होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, एक बाल्कनी. बाल्कनीच्या कठड्यावर माझी हिरवी साडी, वाऱ्याने उडू नये म्हणून तिला चार चिमटे लावलेले. जावई दारात उभा होता, टक्कल पडलेला, जाडजूड हाताचा माणूस. त्याने वाकून नमस्कार केला. तो कुणीतरी शिकवल्यासारखा होता, पण नीट होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं सगळं मी बरोबर केलं.

मुलीने पाणी आणलं. स्टीलचं फुलपात्र, आमच्याच घरून नेलेलं. काठोकाठ.

आणि माझा हात वर उठेना.

आता हे सांगायला हवं. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं आई-बापांनी खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मला लग्नानंतर तीन वर्षं मूल नव्हतं. तेव्हा माझी आई इगतपुरीच्या क्वार्टरात यायची ती फडक्यात भाकरी आणि तांब्यात पाणी घेऊन. ओट्यावर बसून स्वतःची भाकरी खायची आणि मला म्हणायची, "तू कर तुझं काम." मला तिचा राग यायचा. शेजारणी हसायच्या. मी तेव्हाच ठरवलं होतं, मला मुलगी झाली तर असलं काही करायचं नाही. मी देवभोळी बाई नाही. उपास धरत नाही, सत्यनारायणाला बसले तर पाय अवघडतात म्हणून उठते. आणि तरी त्या खोलीत माझ्या तोंडून निघालं, "नको गं, आत्ताच प्यायले."

कुठे प्यायले? ती माझ्याबरोबर धक्क्यापासून चालत आली होती.

ती फुलपात्र धरून उभी राहिली. मग ते टेबलावर ठेवलं. म्हणाली, "बरं, जेवताना पी."

जेवणाचं तिने काय केलं होतं ते मला वासावरूनच कळलं होतं. दाण्याची आमटी. ह्यांची आवडती. ह्यांना आमटी-भगर द्या आणि बाकी ताट काढून घ्या, तक्रार नाही. भगर तिथे मिळत नाही. तिने खालच्या अरबाच्या दुकानातून गव्हाचा बारीक कण आणला होता, त्याला तिथे कुसकुस म्हणतात. दिसायला थेट भगर. शेजारी बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर. टेबलावर चार ताटं मांडलेली होती. चौथं कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती.

"माझं पोट भरलंय," मी म्हटलं. "जहाजावर सकाळी फार खायला घालतात."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उघडून पापड काढायला लागले. कामात हात असला की तोंड बघावं लागत नाही. जावयाला काही कळलं नाही. त्याने हसत हसत माझ्या ताटात आमटी वाढायला डाव उचलला. मुलगी त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. अगदी छोटं वाक्य. त्याने डाव खाली ठेवला आणि दोन ताटं उचलून परत मांडणीत ठेवली. ती दोघं जेवली. मी समोर बसले. तिने ताट संपवलं, पण घास मोजून खाल्ल्यासारखं.

मला बोलायचं होतं. म्हणायचं होतं की तू समजतेस तसं नाही. हा माणूस दुसऱ्या धर्माचा म्हणून नाही, तुझ्या घरात काय शिजतं म्हणून नाही. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. मला वाटत होतं, अजून होईल. छत्तिसाव्या वर्षी होतात. ते पाणी मी प्यायले असते तर माझ्यापुरता तो विषय मिटला असता, मी आशा सोडली असा अर्थ झाला असता. मी आशा सोडली नव्हती म्हणून तहानलेली बसले होते. पण हे असं तोंडावर कसं सांगायचं? सांगायचं म्हणजे तिच्या रिकाम्या कुशीवर बोट ठेवायचं. नाही सांगितलं तरी ते बोट तिथेच होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मी पापड मोजत होते.

दोन तास आम्ही इकडचं तिकडचं बोललो. भावाचं दुकान, मनमाडची आत्या, कोण गेलं, कुणाचं झालं. बाल्कनीतून जहाज दिसत होतं. एवढं मोठं जहाज तिथून चपलेच्या खोक्याएवढं. वरच्या कठड्याला माणसं ठिपक्यांसारखी. ती म्हणाली, "त्यात अप्पा असतील."

"असतील. दुर्बीण आहे."

तिने हात हलवला नाही. साडीचे चिमटे नीट केले.

निघताना तिने एक डबा भरला. खालच्या कप्प्यात आमटी, वर ते कण. झाकणाभोवती फडकं बांधून माझ्या हातात दिला. "अप्पांना दे. खातील, न खातील."

उतरताना पायऱ्या संपल्या, लिफ्ट लागल्या, परत ते चकचकीत गाव आलं. खालच्या दुकानातून तिने पाण्याची बाटली घेतली, झाकण फोडलं आणि माझ्यापुढे धरली.

"पी. हे दुकानचं आहे. माझ्या घरचं नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळं. कुठून, कधी ऐकलं असेल कोण जाणे. मीच कधीतरी माझ्या आईची गंमत म्हणून सांगितलं असेल. मी बाटली घेतली आणि तिथेच रस्त्यावर, त्या लांबलचक गाड्यांच्या मध्ये उभी राहून सगळी संपवली. पाणी हनुवटीवरून ब्लाऊजवर सांडलं. ती बघत होती. रिकामी बाटली तिने माझ्या हातातून घेतली, आणि तशाच हाताने माझा पदर नीट केला.

धक्क्यावर म्हणाली, "जा आता. जहाज थांबत नाही."

जहाजात शिरताना तपासणीला गोव्याचा माणूस होता. त्याने डबा उघडायला लावला. "आजी, बाहेरचं शिजवलेलं आत चालत नाही."

"लेकीच्या घरचं आहे."

"तरी पण."

"तरी पण काय?" मी ओरडलेच. "बारा वर्षांनी भेटले मी तिला. फेकायचं असेल तर आधी मला फेक पाण्यात." मागे रांग खोळंबली. त्याने डब्याचा वास घेतला, इकडे तिकडे पाहिलं आणि झाकण लावून दिलं. जे अन्न मी ताटातून परत पाठवलं होतं त्याच्यासाठी मी परक्या माणसाशी भांडले. शहाणी बाई.

हे वरच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. दुर्बिणीच्या पट्ट्याने मानेवर लाल वळ उठला होता. दिवसभर गळ्यातून काढली नसावी.

"डावीकडून तिसरी इमारत," हे म्हणाले. "वरून दुसरा मजला. हिरवी."

"हो."

"वारा सुटला तेव्हा वाटलं, उडते." मग, "काय केलं होतं जेवायला?"

"तुमची दाण्याची आमटी."

"कशी झाली होती?"

मी डब्याचं फडकं घट्ट केलं. हे माझ्याकडे वळले. "खाल्लं नाहीस?"

"अहो, आपल्यात नाही ना चालत. अजून तिला..."

"पाणी?"

मी मान हलवली. ह्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मग गेलीस कशाला? पायऱ्या चढायला? त्यापेक्षा मी बरा, इथे बसून बघितलं तरी!"

मी डबा पुढे केला. "तुमच्यासाठी दिलाय. पण नियम तुम्हालाही आहे."

सदतीस वर्षं रेल्वेचे नियम पाळलेला माणूस. अशा माणसाला नियम जेवढे पाठ असतात तेवढ्याच पळवाटाही. म्हणाले, "नियम तिच्या घरी जेवायचा आहे. मी तिच्या घरी आहे का? मी जहाजात आहे." आणि फडकं सोडलं. चमचा नव्हता, हातानेच कालवलं. जहाजाने भोंगा दिला, गाव हळूहळू मागे सरकायला लागलं, आणि हे डोंगराकडे तोंड करून जेवत होते. हिरवा ठिपका दिसत होता तोवर हळूहळू खाल्लं. मग भरभर.

"ही भगर नाही," एकदा म्हणाले. "पण आमटी आपलीच आहे."

ह्यांची पळवाट मलाही लागू होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा डब्यात दोन घास उरले होते. मी हात पुढे केला. ह्यांनी डबा बाजूला घेतला.

"तू नको म्हणून आलीस ना," म्हणाले, आणि बोटाने डबा पुसून घेतला.

नाशिकला आल्यावर पहिल्या रविवारी फोन वाजला. ह्यांनी उचलला. मी हात पुसत आले, रिसिव्हर घ्यायला. ह्यांनी दिला नाही. घसा खाकरला आणि मुलीला म्हणाले, "आमटीत जिरं जास्त झालं होतं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. हे बराच वेळ नुसते "हं, हं" करत होते. त्यानंतर दर रविवारी आधी ह्यांचा नंबर. काय शिजवलं, भाव काय, तिथे वांगी कशी मिळतात. मी शेजारच्या खुर्चीत. चार वर्षं असं चाललं. मग हे गेले. ती आली, तेरा दिवस राहिली. नाशिकचं पाणी तिच्या पोटाला सोसेना म्हणून बाटल्या आणून प्यायची. मला बोलायला तोंड कुठे होतं?

तिला मूल झालं नाही. आता तिची पन्नाशी उलटली आहे. नियम संपला म्हणायचा. माझा पासपोर्टही संपला आणि गुडघे खरोखरचे गेले.

ती आमटी मी घरी खूपदा करून पाहिली. बारीक दलिया शिजवायचा, वर दाण्याची आमटी. हे होते तेव्हा एक घास खाऊन सांगायचे, "नाही, अशी नव्हती." जिरं वाढवून पाहिलं, मिरची बदलली. "जवळ आलीस, पण नाही." आता ते सांगायलाही कुणी नाही. मी करते, खाते, आणि मला कळत नाही ती तशी झाली की नाही. ज्याची चव घेतली नाही ते ओळखणार कसं?

मागच्या रविवारी मी तिला विचारलं, "त्या दिवशी आमटीत काय घातलं होतंस गं?"

"कुठल्या दिवशी?" ती म्हणाली. मग म्हणाली, "तू ये. करून घालते."

"आले तर आधी पाणी दे."

फोनमध्ये नुसती खरखर. मला वाटलं, तुटला.

"बाटलीतलं देऊ की नळाचं?"

"नळाचं," मी म्हटलं. "तुझ्या घरच्या नळाचं."